हात न टेकता उठता येतं का? म्हातारपणी पायांची ताकद ओळखायची आणि परत मिळवायची रीत

कोल्हापुरातली शिवाजी पेठ असो, राजारामपुरी असो की करवीर तालुक्यातलं एखादं गाव, घरी तपासायला गेलं की म्हाताऱ्या माणसाचं पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं: "पायात जीवच न्हाई राहिला गं लेकी." आणि मागून घरातलं कुणीतरी म्हणतं, "वय झालं की आता त्यांचं." मी फिजिओथेरपिस्ट आहे. पहिलं वाक्य मी फार मन लावून ऐकते. दुसरं मला मान्य नाही.

वयाबरोबर स्नायू झिजतात हे खरं आहे. तिशीनंतर ही झीज हळूहळू सुरू होते, साठीनंतर वेग घेते आणि स्नायूंच्या आकारापेक्षा त्यांची ताकद लवकर घटते. पण झिजलेला स्नायू कोणत्याही वयात व्यायामाला दाद देतो. १९९० साली अमेरिकेत बोस्टनमध्ये वृद्धाश्रमातल्या, सरासरी नव्वदीच्या दहा जणांना आठ आठवडे मांडीच्या स्नायूंसाठी वजनाचा व्यायाम दिला होता. नऊ जणांनी तो पुरा केला आणि त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट झाली. नव्वदीत हे होत असेल, तर सत्तरीतल्या आईला "आता बसून राहा" म्हणायचा आपल्याला काय अधिकार?

तरी थेट व्यायामाला लागू नका. आधी हे बघायचं की पायातला जीव नेमका कशानं गेलाय.

थांबायचं नाही अशी लक्षणं

एका बाजूचा हातपाय अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर तो पक्षाघाताचा झटका समजा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि त्याआधी मेंदूचा स्कॅन व्हावा लागतो. घरात तेल चोळत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा स्कॅनची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात गाडी घाला.

दोन्ही पायांची ताकद काही तासांत किंवा दिवसांत भराभर कमी होतेय, बधिरपणा खालून वर चढतोय, लघवी अडलीय किंवा नकळत होतेय, बसण्याच्या जागी बधीर लागतंय, या सगळ्याला त्याच दिवशी दवाखाना. एकच पोटरी सुजून गरम झाली असेल तर शिरेत गुठळी असू शकते. ती चोळायची अजिबात नाही. पडल्यावर त्या पायावर भार देता येत नसेल तर खुब्याचं हाड मोडलंय असं धरून चाला.

आणखी एक गोष्ट घरोघरी निसटते. आजोबा दोन-तीन आठवड्यांपूर्वी पडले होते, डोक्याला थोडं लागलं होतं, "काय न्हाई झालं" म्हणून विषय संपला होता. आता ते पाय ओढतात, झोपाळल्यासारखे वाटतात. अशा वेळी मेंदूवर हळूहळू रक्त साठलेलं असू शकतं, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर. ते आधीचं पडणं डॉक्टरांना आठवणीनं सांगा.

"जीव नाही" म्हणजे नेमकं काय?

इथे घाई करू नका. चहा घेत अर्धा तास बसा आणि त्यांच्याच शब्दांत सांगू द्या. आपल्याकडे पायांच्या तक्रारीला इतके शब्द आहेत की निम्मं निदान त्या शब्दांतच सापडतं.

"खुर्चीतनं उठवत न्हाई, जिना चढवत न्हाई, पण सपाटीला चालतोय." ही मांडीची आणि कुल्ल्याची ताकद गेल्याची खूण. बहुतेक वेळा कारण स्नायूंची झीज असते. पण ड जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा बिघाड आणि बरेच दिवस घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या याच स्नायूंना धरतात.

"चालताना पाय भरून येतात, कट्ट्यावर बसलं की मोकळं." रंकाळा तलावावर फिरणाऱ्यांत अशी माणसं पुष्कळ दिसतात. पन्नास पावलं चालतात, कठड्यावर वाकून बसतात, पुन्हा उठून चालतात. नुसतं उभं राहून आराम मिळत नाही, वाकलं किंवा बसलं की मिळतो, आणि सायकल मात्र बिनतक्रार चालवता येते. ही लक्षणं कमरेच्या मणक्यातली नसांची वाट अरुंद झाल्याकडे बोट दाखवतात.

याच्यासारखंच दिसणारं दुसरं दुखणं रक्तवाहिन्यांचं. ठरावीक अंतर चाललं की पोटरीत गोळा येतो आणि जागच्या जागी उभं राहिलं तरी दोन-चार मिनिटांत उतरतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत आणि मधुमेह असलेल्यांत हे जास्त. पायाची जखम भरत नसेल, बोटं गार किंवा काळपट पडत असतील तर वाट पाहू नका.

"चप्पल पायातनं कधी निसटली कळतच न्हाई," "कापसावर चालल्यासारखं वाटतंय," तळव्यांना मुंग्या, आग, अंधारात जास्त तोल जाणं: इथे नसांचा विचार करायचा. मधुमेह हे मोठं कारण आणि ब-१२ हे दुसरं. शाकाहारी घरात, मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी वर्षानुवर्षं चालू असलेल्यांत आणि पित्ताच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांत ब-१२ कमी सापडतं. वेळेत भरून काढलं तर बराच फरक पडतो, फार उशीर झाला तर नसांचं नुकसान पूर्ण भरून येत नाही.

पावलं लहान झालीत, पाय जमिनीला चिकटल्यासारखे वाटतात, वळताना अडखळायला होतं, एक हात चालताना हलत नाही, तर कंपवाताची तपासणी करून घ्या. हात थरथरत नसले तरी.

आणि गुडघा. पुष्कळांच्या पायात ताकद असते, पण गुडघा दुखतो म्हणून मांडी जोर लावायला तयार होत नाही. माणूस कमी चालतो, मांडी आणखी झिजते, सांध्यावर भार वाढतो, गुडघा जास्त दुखतो. हे चक्र मांडीच्या व्यायामानंच तुटतं. तेलाच्या मालिशनं बरं वाटतं, जरूर करा, पण मालिशनं स्नायू तयार होत नाहीत.

घरात मोजायच्या तीन गोष्टी

मोबाइलवरचं घड्याळ, हात नसलेली साधारण दीड फूट उंचीची खुर्ची आणि शिवणकामाची टेप एवढं पुरे. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा आणि शेजारी कुणीतरी उभं राहा.

पहिली चाचणी: हात छातीवर घडी घालून खुर्चीतून पाच वेळा पूर्ण उठायचं आणि बसायचं. आशियाई लोकांसाठीच्या २०१९ च्या निकषांनुसार १२ सेकंद किंवा जास्त लागले तर ताकद कमी झाली आहे असं धरतात. एकदाही हात न टेकता उठता आलं नाही, तर घड्याळ बाजूला ठेवा, उत्तर मिळालं.

दुसरी: खुर्चीतून उठायचं, तीन मीटरवर लावलेल्या खुणेपर्यंत नेहमीच्या चालीनं जायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे.

तिसरी अगदी सोपी: पोटरीच्या सगळ्यात जाड भागाचा घेर. पुरुषांत ३४ सेंटिमीटरपेक्षा आणि बायकांत ३३ पेक्षा कमी असेल तर स्नायू झिजल्याची शंका घ्यायची. पायांवर सूज असेल तर हा आकडा फसवतो.

तिन्ही आकडे तारखेसह भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांची पिशवी न्या

नुसती चिठ्ठी नको, आयुर्वेदिक पुड्यांपासून झोपेच्या गोळीपर्यंत सगळं पिशवीत घालून न्या. रक्तदाबाच्या गोळीनं उठल्यावर दाब पडतो, लघवीच्या गोळीनं पोटॅशियम किंवा सोडियम उतरतं, झोपेच्या गोळीनं सकाळी पाय लटपटतात, कोलेस्टेरॉलच्या गोळीनं काहींचे स्नायू दुखतात. यातली कुठलीही गोळी मनानं बंद करायची नाही, डॉक्टरांना फक्त विचारायचं, "ही यामुळं असेल का?" बसून आणि उभं राहून असा दोन्ही वेळा रक्तदाब बघायची विनंती करा. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, ब-१२, ड जीवनसत्त्व, मूत्रपिंड आणि क्षार यांतल्या कुठल्या तपासण्या हव्यात ते तेच ठरवतील.

दोन गोष्टी मनापासून सांगते. "ताकदीचं सलाईन" म्हणून जे मागून घेतलं जातं, त्यात मुख्यतः पाणी आणि साखर किंवा मीठ असतं. अंगातलं पाणी कमी झालं असेल तर उपयोग, मांडीच्या ताकदीला शून्य. आणि ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी डॉक्टरांनी सांगितली तितकेच आठवडे घ्यायची. चांगली आहे म्हणून महिनोन् महिने घेत राहिलं तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायक पातळीवर जाऊ शकतं.

खुर्चीची बैठक

कोल्हापुरात बैठक कुणाला शिकवायला नको. पण तालमीत नवं पोरगं आलं तर वस्ताद पहिल्या दिवशी त्याला हजार बैठका मारायला लावत नाही. जमतील तेवढ्या, मग थोड्या जास्त, मग आणखी. म्हाताऱ्या माणसाच्या पायालाही हाच नियम आणि त्याची तालीम म्हणजे ती भिंतीला टेकवलेली खुर्ची. छातीत दुखणं, थोडं चाललं तरी धाप, नुकतंच ऑपरेशन, आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम करू नये.

खुर्चीवर उंचीसाठी घडी घातलेली वाकळ ठेवा. जितकी उंच बैठक तितकं उठणं सोपं. पुढे सरकून कडेला बसायचं. पावलं एकमेकांपासून खांद्यांच्या रुंदीएवढी लांब, टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे. आता बहुतेक जण चुकतात ती गोष्ट: ते सरळ वर उठू बघतात. आधी पुढे वाकायचं, नाक पायाच्या बोटांवर येईपर्यंत, मग टाचा जमिनीत दाबून उठायचं. गुडघे एकमेकांकडे वळू द्यायचे नाहीत. उठताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही. उभं राहिल्यावर क्षणभर ताठ थांबायचं.

बसताना तोंडानं एक, दोन, तीन, चार मोजत हळू बसायचं. धपकन अंग टाकायचं नाही. खरी ताकद या हळू बसण्यात तयार होते, आणि हेच सगळे टाळतात.

सुरुवातीला पाच वेळा करा, दोन मिनिटं विश्रांती, पुन्हा पाच. हात टेकावे लागले तर टेका. पुढच्या आठवड्यात दोन्ही हातांऐवजी एक, मग नुसती बोटं. सलग दहा सहज जमायला लागल्या की वाकळेची एक घडी कमी करा. घड्या संपल्या की तीन फेऱ्या करा, मग छातीशी एक-दोन किलोची तांदळाची पिशवी धरा. शेवटच्या दोन बैठका जड गेल्या पाहिजेत. तसं होत नसेल तर व्यायाम हलका पडतोय. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून.

गुडघा थोडा दुखला तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दुखणं आधीच्या जागी आलं पाहिजे. वाढलेलं राहिलं किंवा गुडघा सुजला तर बैठक उंच करा आणि संख्या कमी करा, बंद करू नका.

बाकीचे व्यायाम स्वयंपाकाच्या ओट्याला धरून होतात. टाचा उचलून चवड्यांवर उभं राहायचं आणि हळू उतरायचं. पोटरीसाठी, दहा ते पंधरा वेळा. मग उलट, टाचांवर उभं राहून चवडे उचलायचे. उंबऱ्याला पाय अडखळतो तो बहुधा चवडा पुरेसा उचलला जात नाही म्हणून, आणि पेठेतल्या जुन्या घरांचे उंबरे चांगलेच उंच असतात. मग अंग न झुकवता एक पाय बाजूला नेऊन परत, दहा-दहा वेळा. चालताना डुलणाऱ्यांसाठी हा फार मोलाचा. खुर्चीत बसून गुडघा सरळ करून पाच आकडे धरून ठेवायचा; काही आठवड्यांनी घोट्याला अर्धा किलो तांदळाची शिवलेली पिशवी बांधायची.

तोलाचा सराव रोज केला तरी चालतो. ओट्याजवळ पावलं जुळवून दहा सेकंद. जमलं की एक पाऊल अर्धं पुढे. मग एकामागे एक, टाच आणि बोटं चिकटवून. शेवटी एका पायावर. हात ओट्याच्या वर तरंगत ठेवायचे, धरायला लगेच मिळतील असे.

रंकाळ्याची फेरी पुरेशी का नाही

"मी रोज रंकाळ्याला जातो, मग हे कशाला?" आबा मंडळींचा हा प्रश्न ठरलेला. चालण्यानं हृदय, साखर, झोप, मन, सगळ्याचं भलं होतं. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांपुढच्यांनाही आठवड्याला किमान १५० मिनिटं अशी हालचाल सांगते. पण त्याच सूचनेत स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस आणि तोलाचा किमान तीन दिवस, असं वेगळं सांगितलंय. सपाटीच्या चालण्यात मांडीवर पुरेसा भार येत नाही. वर्षानुवर्षं फिरणारी माणसं म्हणून एक दिवस केएमटी बसच्या पायरीला अडतात.

शिवाय आषाढ-श्रावणात इथला पाऊस फिरायला जाऊ देत नाही. ते दोन महिने घरात बसून गेले की दसऱ्याला चाल मंदावलेली असते. पावसाळ्यात सोप्यात किंवा गच्चीखालच्या जागेत येरझाऱ्या घाला आणि खुर्चीची बैठक चुकवू नका.

काठी लागत असेल तर लाजू नका. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची आणि तिची मूठ, हात सैल सोडल्यावर मनगटाच्या घडीएवढ्या उंचीवर असावी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

रश्शात किती, तुकड्यात किती

व्यायामानं स्नायूला मागणी तयार होते, ती भागवायला प्रथिनं लागतात. म्हाताऱ्या माणसाला दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या आजींना ६० ते ७२ ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

आता आपल्या ताटाकडे बघा. सकाळी चहा-बटर, दुपारी भात-आमटी, रात्री दात नाहीत म्हणून दूध-भात. रविवारी मटण असतं, पण आजीच्या वाटीला पांढरा रस्सा येतो आणि तुकडे नातवंडांना जातात. रश्शानं तोंडाला चव येते, भूक लागते. प्रथिनं तुकड्यांत राहतात. त्यांना मऊ शिजवलेलं किंवा खिमा करून वाढा. पायाचं सूप पाय मजबूत करतं अशी समजूत आहे; त्यात मुख्यतः जिलेटीन असतं आणि स्नायूसाठी ते अपुरं प्रथिन आहे. प्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

हिशेब असा: एका अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर म्हशीच्या दुधात साधारण ९, मूठभर शेंगदाण्यांत ७, वाटीभर घट्ट उसळीत ७-८, दाट पिठल्याच्या वाटीत तितकंच. सगळं रात्रीच्या जेवणात न घालता तिन्ही वेळांना वाटा. दात नसतील तर शेंगदाण्याचं कूट, मऊ मटकी, दह्यात कालवलेली भाकरी. आणि कवळी करून घ्या. दुखऱ्या हिरड्या माणसाला अर्धपोटी ठेवतात.

घर

पडलेलं माणूस भीतीनं चालणं सोडतं आणि मग ताकद जाते, म्हणून हेही याच कामात धरा. न्हाणीत आणि संडासात भिंतीत पक्के बसवलेले पकडायचे दांडे, कमोड किंवा उंच बैठक, रात्री वाटेवर दिवा, सरकणारी पायपुसणी हद्दपार. घरात मागून पट्टा असलेली, न घसरणारी चप्पल. चामड्याची कोल्हापुरी लग्नकार्याला घाला. ओल्या फरशीवर नको.

किती दिवसांत, आणि आजारपण आलं तर

पहिले दोन-तीन आठवडे जी सुधारणा दिसते ती नसा स्नायूंना जास्त चांगलं वापरायला लागल्याची असते. स्नायू खऱ्या अर्थानं भरायला आठ ते बारा आठवडे धरा. दर दोन आठवड्यांनी तीच पाच बैठकांची चाचणी घ्या. बारा आठवड्यांत आकडा जागचा हलला नाही, किंवा खाऊनपिऊन ताकद उतरतच चालली, तर पुन्हा डॉक्टरांकडे जा. काहीतरी शोधायचं राहिलंय.

सगळ्यात मोठा फटका अंथरुणाचा. एका अभ्यासात धडधाकट म्हाताऱ्या माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं तर त्यांच्या पायांतला जवळजवळ एक किलो स्नायू गेला. माझ्या आजीला न्यूमोनियासाठी नऊ दिवस दवाखान्यात ठेवलं होतं. तिथं तिला कुणी उभं केलं नाही आणि आम्हीही केलं नाही. पाणी हातात, जेवण तोंडाशी, संडासाला भांडं. आम्हाला वाटलं आपण सेवा करतोय. ताप गेला, फुप्फुसं बरी झाली, आणि चालत गेलेली आजी चाकाच्या खुर्चीवरून घरी आली. मी तेव्हा शिकत होते. आज हे लिहितानाही मला ते डाचतं.

म्हणून घरातलं कुणी दवाखान्यात असेल तर डॉक्टरांना दुसऱ्याच दिवशी विचारा, "यांना कधी उभं करू?" परवानगी मिळताच दिवसातून तीन वेळा पलंगाच्या कडेला बसवा, जमेल तेव्हा दोघांनी धरून उभं करा, जेवण खुर्चीत द्या. झोपूनच राहावं लागत असेल तर पावलं वर-खाली करणं आणि गुडघा गादीत दाबून पाच आकडे धरणं दर दोन तासांनी.

घरी आल्यावर खुर्चीवर पुन्हा वाकळेच्या सगळ्या घड्या ठेवा. आधी दहा बैठका होत असतील तरी आज तीनच होतील, तीही हात टेकून. कॅलेंडरवर आजच्या चौकोनात तेवढाच आकडा लिहा, आणि दोन आठवड्यांनंतरच्या तारखेभोवती पेनानं गोल करा.